पोर्ट अँटोनिओ : एका निवांत बंदराचा इतिहास

वेस्ट इंडीज हे नाव भारतीय श्रोत्यांना अपरिचित नाही. क्रिकेटच्या धावत्या वर्णनांतून ते घराघरांत पोचले आणि जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद ही बेटे नकाशा न उघडताही आपल्या ओळखीची झाली. परंतु क्रिकेटची मैदाने आणि समुद्रकाठची आलिशान हॉटेले यांच्या पलीकडे या बेटांवर अशी काही लहान गावे आहेत की जेथे प्रवासी केवळ शांततेच्या ओढीने जातो. जमैकाच्या ईशान्य किनाऱ्यावरील पोर्ट अँटोनिओ हे त्यांपैकी एक. जेमतेम पंधरा हजारांच्या वस्तीचे हे गाव. तेथे निळे पाणी आहे, दाट अरण्य आहे, नदी आहे, धबधबे आहेत आणि माणसांना फारशी घाई नाही. हे सर्व निसर्गाने दिलेले वरदान आहे असेच तेथे जाणाऱ्याला वाटते. निसर्गाने पुष्कळ दिले, यात शंका नाही. पण या गावाची शांतता मात्र निसर्गाने दिलेली नाही. ती इतिहासाने घडविली आहे, आणि तिच्यासाठी तेथील माणसांना बरेच मोल द्यावे लागले आहे.

प्रथम गावाची जागा पाहू. जमैकाची राजधानी किंग्स्टन बेटाच्या दक्षिणेला आहे. तेथून डोंगराला वळसा घालून ईशान्येकडे सुमारे शंभर किलोमीटर गेले की पोर्टलंड परगणा लागतो. पोर्ट अँटोनिओ हे त्याचे मुख्य ठिकाण. किनाऱ्यातून समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरामुळे येथे एकाला लागून एक अशी दोन बंदरे तयार झाली आहेत, पूर्वेचे आणि पश्चिमेचे. पश्चिमेच्या बंदराच्या तोंडाशी नेव्ही आयलंड नावाचे लहानसे बेट आडवे पडले असल्यामुळे आतील पाणी तळ्यासारखे स्थिर राहते. गावाच्या पाठीशी ब्ल्यू माउंटन आणि जॉन क्रो या पर्वतरांगा उभ्या आहेत. ब्ल्यू माउंटनचे सर्वोच्च शिखर २,२५६ मीटर उंच आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे या डोंगरांना अडतात आणि आपल्याजवळचे पाणी येथेच रिते करतात. जॉन क्रो पर्वताच्या काही भागांत वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पोर्टलंडची हिरवाई या पावसाची. आणि या परगण्याच्या इतिहासाला जे वळण लागले त्याचे मूळही याच दुर्गम, ओल्या डोंगरांत आहे.

कोलंबस १४९४ साली जमैकाला आला तेव्हा तेथे टायनो लोकांची वस्ती होती. स्पॅनिश वसाहत १५०९ पासून सुरू झाली आणि सक्तीची मजुरी व नवे रोग यांच्या माऱ्यापुढे थोड्याच काळात हा समाज जवळजवळ नामशेष झाला. त्याची जागा भरून काढण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणण्यात आले. १६५५ साली इंग्रजांनी हे बेट जिंकले. त्या धामधुमीत स्पॅनिश मालकांचे अनेक गुलाम डोंगरात निघून गेले आणि तेथे स्वतंत्रपणे राहू लागले. पुढे इंग्रजांच्या उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलामही त्यांना येऊन मिळाले. रानात मोकाट सुटलेल्या गुराला स्पॅनिश भाषेत ‘सिमारोन’ म्हणत. तोच शब्द या लोकांना लावण्यात आला आणि इंग्रजी उच्चारात त्याचे ‘मरून्स’ झाले. गुराढोरांसाठी योजलेले हे नाव पुढे स्वातंत्र्याचे नाव व्हावे, हा इतिहासाचा एक न्यायच म्हटला पाहिजे.

१७२३ साली पोर्टलंड हा स्वतंत्र परगणा करण्यात आला. गव्हर्नर असलेल्या ड्यूक ऑफ पोर्टलंडचे नाव त्याला मिळाले, आणि भूशिरावर वसवायच्या गावाला त्याच्या इंग्लंडमधील इस्टेटीवरून टिचफील्ड असे नाव देण्यात आले. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी येथे येऊन राहावे म्हणून जमिनी देऊ केल्या गेल्या, करांत सवलती जाहीर झाल्या. तरीही लोक येईनात. समुद्राकडून स्पॅनिश हल्ल्याची भीती होती आणि डोंगराकडून मरून्सची. बंदराच्या रक्षणासाठी भूशिराच्या टोकावर फोर्ट जॉर्ज हा किल्ला उभारण्यात आला. आज त्या किल्ल्याच्या आवारात टिचफील्ड विद्यालयाची मुले वावरतात आणि जुन्या तोफा समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत.

या डोंगराळ मुलखातील मरून्सच्या इतिहासात एका स्त्रीचे नाव सर्वांच्या वर आहे. ते नाव नॅनीचे. लेखी कागदपत्रांत तिचा उल्लेख फार थोड्या वेळा येतो. तिच्याविषयी जे सांगितले जाते त्यातील बरेचसे तोंडी परंपरेतून आलेले आहे. ती शत्रूच्या गोळ्या हाताने झेलीत असे, अशी कथा आहे. इतिहासकाराने अशा कथांना पुरावा मानू नये हे खरे. परंतु ज्या समाजाजवळ लेखणी नव्हती त्याने आपला अभिमान कोणत्या रूपात जपला, याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल कमी नाही. निश्चित आहे ते एवढे की तिच्या नावाने ओळखले जाणारे नॅनी टाउन हे ठाणे ब्ल्यू माउंटनच्या कुशीत होते आणि तेथून इंग्रजांना अनेक वर्षे झुंजविण्यात आले. या युद्धाची रीत मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गनिमी कावा हाच तिच्यासाठी नेमका शब्द आहे. अंगाला झाडाच्या फांद्या बांधून मरून्स झाडीत मिसळून जात. गाईच्या शिंगाचे ‘अबेंग’ नावाचे वाद्य फुंकून ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर संदेश पाठवीत. लाल गणवेशातील शिपाई अरुंद वाटांनी, चिखल तुडवीत येत आणि त्यांना शत्रू दिसण्यापूर्वी त्याची गोळी लागे.

१७३४ साली इंग्रजांनी लहान तोफा डोंगरावर चढवून नॅनी टाउन घेतले, पण युद्ध संपले नाही. अखेर १७३९ साली सरकारला तह करावा लागला. प्रथम पश्चिमेकडील मरून्सचा नायक कजो याच्याशी आणि त्यानंतर पूर्वेकडील क्वाओ याच्याशी. नॅनी आणि तिच्या माणसांना लवकरच पाचशे एकर जमीन मिळाली. तेथे वसलेले गाव आज मूर टाउन म्हणून ओळखले जाते. गुलामगिरीचा कायदा अमेरिका खंडात सर्वत्र पक्का असताना, पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांशी एका साम्राज्याने लेखी करार करावा, ही घटना असामान्य होती.

तथापि या तहाची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना मरून्सनी परत करावे आणि बंडे मोडण्यास सरकारला साह्य करावे, अशी अट त्यात होती. १७६० साली जवळच्या सेंट मेरी परगण्यात टॅकी नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. तो मोडण्यात मरून्सचा हात होता. खुद्द टॅकीला टिपले ते एका मरून्स नेमबाजानेच. स्वतःचे स्वातंत्र्य टिकविण्यासाठी दुसऱ्याच्या दास्याला हातभार लावावा लागला. हा दोष त्या लोकांचा किती आणि त्यांना त्या कोंडीत धरणाऱ्या व्यवस्थेचा किती, याचा निवाडा सोपा नाही. जमैकाच्या जनतेने तो विसरूनही टाकला नाही. आज नॅनी त्या देशाची राष्ट्रीय वीरांगना आहे, पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. आणि तहातील त्या अटीची चर्चाही तेथे मोकळेपणाने चालते.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी खरीखुरी मुक्तता मिळाली. मुक्त झालेल्या कुटुंबांनी मळे सोडून डोंगरउतारावर लहान लहान तुकडे कसायला घेतले. मळेवाल्यांनी मजुरांसाठी भारताकडे पाहिले. १८४५ साली ‘ब्लंडेल हॉल’ हे जहाज पहिल्या करारबद्ध भारतीयांना घेऊन जमैकाला पोचले आणि १९१७ साली ही पद्धत बंद होईपर्यंत छत्तीस हजारांहून अधिक भारतीय तेथे नेले गेले. बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील खेड्यांतले होते. प्रथम ऊस आणि पुढे केळी, या पिकांच्या मळ्यांवर त्यांनी घाम गाळला. पोर्टलंडच्या केळीमळ्यांवरही ते होते. त्यांतील बरेच जण परतले नाहीत. आज जमैकात कोणताही मोठा समारंभ बकऱ्याच्या करीवाचून पुरा होत नाही, आणि ती करी कोठून आली हे जेवणाऱ्याला ठाऊक असते. आंबा मात्र त्यांच्याही आधी तेथे पोचला होता. १७८२ साली इंग्रज आरमाराने पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावर आंब्याची रोपे सापडली आणि ती जमैकात लावली गेली.

पोर्ट अँटोनिओचे भाग्य मात्र केळीने उघडले. डोंगरउतारावरचे लहान शेतकरी ‘ग्रो मिशेल’ जातीची केळी आपल्या पोटापुरती लावीत. मळेवाले तिला गरिबाचे पीक म्हणून हिणवीत. १८७० च्या सुमारास लॉरेन्झो डाउ बेकर नावाच्या अमेरिकन कप्तानाने जमैकाच्या पूर्व किनाऱ्यावरून केळीचे १६० घड आपल्या शिडाच्या जहाजावर चढविले. एका घडाला त्याने एक शिलिंग मोजले आणि न्यूयॉर्कसमोरच्या जर्सी सिटीत तोच घड दोन डॉलरला विकला. वारा अनुकूल राहिला म्हणून केळी वाटेत सडली नाहीत, एवढेच. पण त्या एका फेरीतून एक प्रचंड व्यापार उभा राहिला. १८८५ साली बॉस्टन फ्रूट कंपनी स्थापन झाली आणि १८९९ साली ती युनायटेड फ्रूट कंपनी या अवाढव्य संस्थेत विलीन झाली. बेकरने आपले ठाणे पोर्ट अँटोनिओत ठेवले होते. १८९६ साली किंग्स्टनहून निघालेली रेल्वे या गावापर्यंत आली. जगातील केळीच्या व्यापाराचे हे एक प्रमुख बंदर बनले.

त्या काळी हे गाव शांत नव्हते. जहाज लागले की शंख फुंकून डोंगरापर्यंत वार्ता पोचविली जाई. गाढवे, बैलगाड्या आणि रिओ ग्रांदे नदीवरील बांबूचे तराफे केळी घेऊन बंदराकडे निघत. रात्रभर दिव्यांच्या उजेडात भरणी चाले. स्त्रिया आणि पुरुष डोक्यावर घड घेऊन रांगेने धक्क्यावर येत. मोजणीदार प्रत्येक घडाच्या फण्या मोजी. नऊ फण्यांचा घड पूर्ण धरला जाई, आणि आठ, सात, सहा फण्यांच्या घडाला त्या मानाने कमी मोल मिळे. या भरणीच्या रात्रींतून श्रमगीते जन्माला आली. १९५६ साली हॅरी बेलाफॉन्टे याच्या आवाजात प्रसिद्ध झालेले एक गीत पुढे जगभर गाजले. पहाट झाली, आता मोजणी करा आणि घरी जाऊ द्या, अशी त्यातील मजुराची मागणी आहे. ज्या श्रोत्यांनी ते गाणे केवळ आनंदाचे म्हणून ऐकले असेल, त्यांनी ते थकलेल्या माणसाचे गाणे आहे हे ध्यानात ठेवावे.

प्रवासी या गावात आला तोही केळीच्याच जहाजाने. जाताना फळांनी भरलेली जहाजे उत्तर अमेरिकेहून परत येताना रिकामी येत. त्यांतून थंडीला कंटाळलेले श्रीमंत अमेरिकन आणावेत, ही बेकरची युक्ती. त्यांच्यासाठी त्याने टिचफील्ड टेकडीवर हॉटेल काढले. याच काळात, १९०५ च्या सुमारास, आल्फ्रेड मिचेल या अमेरिकन धनिकाने पूर्वेच्या बंदरालगत साठ खोल्यांचा खांबांनी सजलेला वाडा बांधला. त्याचे अवशेष ‘फॉली’ या नावाने आजही उभे आहेत. नववधूला घेऊन धनी उंबरठा ओलांडीत असतानाच भिंती ढासळू लागल्या, अशी लोककथा आहे. वस्तुतः मिचेल बऱ्याच वर्षांपूर्वी विवाहित होता आणि या वाड्यात तो राहिलाही. बांधकामात समुद्राचे खारे पाणी वापरल्यामुळे आतील लोखंड गंजले आणि छप्पर १९३० नंतरच्या दशकात कोसळले, असे मानले जाते. पण पैशाने उभारलेले वैभव खाऱ्या हवेत टिकत नाही, हे लोककथेने आपल्या रीतीने बरोबर सांगितले आहे.

कारण तोपर्यंत केळीच्या वैभवालाही कीड लागली होती. पनामा मर रोग हा मातीतील बुरशीमुळे होणारा रोग. ती बुरशी मुळांतून शिरते, पाने पिवळी पडून झाड मरते, आणि त्याच जमिनीत ती जात पुन्हा लावता येत नाही. ग्रो मिशेल या रोगाला पूर्णपणे बळी पडणारी जात होती. १९३७ साली जमैकाची निर्यात सुमारे २ कोटी ७० लाख घडांपर्यंत चढली. पण तोच तिचा कळस ठरला. मर रोगाच्या जोडीला करपा आला, दुसऱ्या महायुद्धात जहाजे बंद झाली, आणि १९४४ व १९५१ सालच्या चक्रीवादळांनी उभे मळे आडवे केले. जगभर ग्रो मिशेलची जागा रोगाला तोंड देणाऱ्या कॅव्हेंडिश गटाने घेतली. खानदेशात पिकणारी बसराई आणि ग्रँड नैन ही केळी याच गटातली. पोर्ट अँटोनिओच्या धक्क्यावर मात्र जहाजे विरळ होत गेली. रेल्वेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडली. रात्रीची भरणी थांबली, गाणी थांबली, आणि गाव शांत झाले.

प्रवाशाला मोहविणारी शांतता ती हीच. १९४६ साली चित्रपट-नट एरॉल फ्लिन आपल्या गलबतातून येथे आला आणि गावाच्या प्रेमात पडला. त्याने नेव्ही आयलंड विकत घेतले. केळी वाहणाऱ्या बांबूच्या तराफ्यांवर बसून नदीतून विहार करण्याची टूम त्याने लोकप्रिय केली असे सांगतात. केळी गेली, तराफे उरले, आणि त्यांवर घडांच्या जागी प्रवासी बसला. आजही तराफेवाला लांब काठीने तराफा हाकीत दोन-अडीच तासांत प्रवाशाला नदीच्या मुखाशी आणून सोडतो. पूर्वेला ब्ल्यू लगून आहे. सुमारे दोनशे फूट खोल अशा या जलाशयात तळाच्या झऱ्यांचे थंड गोडे पाणी समुद्राच्या कोमट खाऱ्या पाण्याला मिळते आणि उन्हाच्या कलाबरोबर त्याचा रंग पालटतो. त्याला तळच नाही, असा पूर्वी समज होता. त्याच्याही पुढे बॉस्टन बे. पिमेंटोच्या लाकडावर, मिरची-मसाला चोळून भाजलेल्या डुकराच्या मांसाचा ‘जर्क’ हा प्रकार येथे विकला जातो. त्याची परंपरा डोंगरातील मरून्सपर्यंत पोचते. चवीसाठी खाणाऱ्या प्रवाशाला ही लढवय्यांची शिदोरी होती याची कल्पना नसते.

प्रवाशांचा मोठा लोंढा मात्र मॉन्टेगो बे आणि नेग्रिल या पश्चिमेकडील गावांकडे वळला. तेथे विमानतळ जवळ, पाऊस कमी आणि पांढऱ्या वाळूचे पट्टे लांब. पोर्ट अँटोनिओ मागे राहिले, आणि मागे राहिल्यामुळेच बचावले, असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे आहे. ज्या तरुणाला गावात काम मिळत नाही आणि म्हणून किंग्स्टनची किंवा परदेशाची वाट धरावी लागते, त्याला या शांततेचे कौतुक कसे वाटावे? तिचा उपभोग घेणारा आणि तिची किंमत देणारा हे सहसा एक नसतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तो किनाऱ्याच्या मालकीचा. १९५६ सालच्या समुद्रकिनारा नियंत्रण कायद्याने जमैकाचा किनारपट्टा ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीचा ठरविला. सामान्य माणसाला तेथे जाण्याचा व पोहण्याचा सर्वसाधारण हक्क त्यात दिलेला नाही. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, पण हा कायदा तसाच राहिला. त्यामुळे एकामागून एक किनारे कुंपणाआड गेले. पोर्ट अँटोनिओच्या पूर्वेला विनिफ्रेड बीच नावाचा लहानसा किनारा आहे. एका क्वेकर धर्मोपदेशकाने तो विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांच्या विश्रांतीसाठी राखून ठेवला आणि त्याला आपल्या मुलीचे नाव दिले, असे सांगितले जाते. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तेथे येत, मासे तळीत, मुलांना पोहायला शिकवीत. सरकारी महामंडळाने तेथे नवी योजना आखली तेव्हा गावकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. वर्षानुवर्षांच्या अखंड वहिवाटीतून लोकांचा हक्क सिद्ध होतो, हा त्यांचा आधार. २०१४ साली न्यायालयाने तो मान्य केला.

डोंगराच्या बाजूनेही अशीच एक मान्यता मिळाली आहे. मूर टाउनच्या मरून्सचे संगीत आणि परंपरा यांना युनेस्कोने २००३ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले. २०१५ साली ब्ल्यू आणि जॉन क्रो पर्वत जागतिक वारशाच्या यादीत गेले. हा मान मिळविणारे जमैकातील ते पहिले स्थळ. विशेष म्हणजे ही नोंद केवळ वनस्पती आणि पक्ष्यांसाठी झाली नाही. त्या रानाने माणसांना आसरा दिला आणि माणसांनी त्या रानाला अर्थ दिला, या दोन्ही गोष्टी तीत एकत्र नोंदल्या गेल्या.

पोर्ट अँटोनिओचा इतिहास हा अशा आसऱ्याचा इतिहास आहे. डोंगराने पळालेल्या गुलामाला आसरा दिला, बंदराने केळी उत्पादकाला काही काळ भाकरी दिली, आणि आज किनारा थकलेल्या प्रवाशाला विसावा देत आहे. यांतील पहिल्या दोहोंसाठी तेथील लोकांना झगडावे लागले आणि तडजोडीही कराव्या लागल्या. तिसऱ्यासाठी ते आता न्यायालयात आणि पंचायतींत झगडत आहेत. उद्या तेथे जाणाऱ्या प्रवाशाला निळे पाणी आणि हिरवे डोंगर दिसतीलच. रविवारी दुपारी त्याच वाळूवर गावातील मुलेही खेळताना दिसली, तर त्या लोकांनी आपला झगडा अद्याप गमावलेला नाही, असे त्याने समजावे.